डाव्या रेषेवर मी होतो

ही गोष्ट सांगायची मी सात-आठ वर्षं टाळली. टेनिसचा विषय निघाला की मी चहा टाकायला उठायचो. बायकोलाही अर्धीच सांगितली, आणि त्या अर्ध्यातही स्वतःला सोयीचे शब्द वापरले. आता सत्तरी आली आहे. डाव्या डोळ्याने दिसत नाही, उजव्याबद्दल डॉक्टर खात्रीने काही बोलत नाहीत. जाड पेनाने, एक ओळ सोडून एक, असं लिहितो आहे. दिसतंय तोवर हे कागदावर यावं, एवढंच.

एका माणसाच्या नावापुढे एक चूक नोंदलेली आहे. ती त्याची नाही, माझी आहे. त्या नोंदीमुळे त्याला जे मिळणार होतं ते मिळालं नाही, आणि मी ते थांबवू शकत असताना थांबवलं नाही.

सिंगापूरला एका जहाज कंपनीत नोकरी करून मी निवृत्त झालो. राहायला क्वीन्सटाउनला, दहाव्या मजल्यावर. तरुणपणी पुण्यात टेनिस खेळलो ते बेताचंच, पण रेषेजवळ पडलेला चेंडू आत की बाहेर हे मला चटकन कळायचं, आणि ते मी ठणकावून सांगायचो. हात चालत नाही पण आवाज चालतो, असा माणूस शेवटी पंच होतो. शनिवार-रविवारी इथल्या सार्वजनिक कोर्टांवर कंपन्यांच्या स्पर्धा चालत. तिथे मी रेषेवर उभा राहू लागलो.

तिथेच तो भेटला. पुण्याचा, आयटीतला, पस्तिशीचा. बायको आणि लहान मुलीबरोबर बुकित पंजांगला राहायचा. मला पहिल्या दिवसापासून काका म्हणायला लागला. माझ्यासाठी पंचगिरी ही हौस होती, त्याच्यासाठी नव्हती. वर्षभराची रजा साठवून तो ती स्पर्धांत घालवायचा. त्याची बायको सांगायची की लग्नानंतर आम्ही बँकॉकला फिरायला गेलो, तर हा तिथेही एका रेषेच्या मागे जाऊन उभा राहिला.

त्याला खुर्चीवर बसायचं होतं. खुर्चीवरचा, म्हणजे नेटजवळ उंचावर बसणारा मुख्य पंच व्हायला एक शिडी असते. आधी वर्षानुवर्षं रेषेवर उभं राहायचं, मग स्थानिक सामन्यांत खुर्चीवर बसायचं, आणि मग कधीतरी आंतरराष्ट्रीय वर्गासाठी तुमचं नाव पाठवलं जातं. वर्ग, परीक्षा, आणि पास झालात तर पांढरा बिल्ला. आमच्या इथून वर्षाला एकच नाव जायचं. तो चार वर्षं थांबला होता, आणि त्या वर्षी त्याची पाळी आहे असं सगळेच धरून चालले होते.

सात-आठ वर्षांपूर्वीची ती स्पर्धा. पुरुषांची, व्यावसायिक, बंदिस्त स्टेडियममधली. फार मोठी नव्हे, तरी जगाच्या यादीत बरे नंबर असलेले खेळाडू येत. पुढे ती बंद पडली. तिथे रेषा बघायला यंत्रं नव्हती, आम्ही होतो. एकसारखे निळे कोट, एकसारख्या टोप्या, एक तास उभं राहायचं, एक तास विश्रांती. मागून पाहिलं तर कोण कोण आहे ते आमच्या बायकांनासुद्धा ओळखता आलं नसतं.

वाचकांना रेषापंचाचं काम थोडं सांगायला हवं. रेषापंचाने चेंडू बघायचा नसतो, रेषा बघायची असते. चेंडूमागे नजर पळवली की उशीर झालाच. नजर आधी रेषेवर जाऊन बसली पाहिजे, चेंडू तिथे येऊन पडतो. बाहेर पडला तर हात आडवा आणि मोठ्याने ‘आउट’. आत पडला तर तोंड बंद, दोन्ही तळवे जमिनीकडे. आणि तिसरी एक खूण आहे. खेळाडू मध्ये आला, काही कारणाने चेंडू दिसलाच नाही, तर दोन्ही हात डोळ्यांखाली धरायचे, तळव्यांची पाठ बाहेर. म्हणजे मला दिसलं नाही. मग खुर्चीवरचा पंच ठरवतो, त्यालाही दिसलं नसेल तर पॉइंट पुन्हा खेळतात. ती खूण करण्यात कमीपणा नाही. शिकवताना पहिल्याच दिवशी हे बजावतात.

ती खूण मला कधीही करायची नव्हती. त्याला कारण होतं.

माझे वडील साताऱ्याला कोर्टात कारकून होते. साठीनंतर त्यांचे डोळे काचबिंदूने गेले. काचबिंदू दुखत नाही, लाल होत नाही. तो कडेकडेने खातो, आणि माणसाला वाटतं सगळं ठीक आहे. वडील काही शोधताना चिमणीसारखी अख्खी मान फिरवायचे. आई त्यांच्या ताटातली वाटी रोज एकाच जागी ठेवायची. एकदा बहिणीने वाढलं आणि वाटी चार बोटं सरकली, तर त्यांचा हात गरम आमटीत गेला. ते ओरडले नाहीत. हात तसाच ठेवून विचारत राहिले की आज वाटी कुठे आहे. मी तिथे बसलो होतो. डॉक्टरांनी तेव्हाच सांगितलं होतं की हे घराण्यात येतं, चाळिशीनंतर मुलांनी दरवर्षी डोळ्यांचा दाब तपासून घ्यावा. मी एकदाही घेतला नाही. तपासलं नाही तोवर ते मला झालेलं नव्हतं.

स्पर्धेच्या आदल्या वर्षी मी हॉकर सेंटरमध्ये, म्हणजे इथल्या सार्वजनिक खाणावळीत, ट्रे घेऊन वळलो आणि डावीकडून येणाऱ्या एका म्हाताऱ्याला धडकलो. त्याच्या अंगावर सूप सांडलं. तो म्हणाला, अंकल, बघून चाला. मी म्हणालो, तूच मध्ये आलास. पण तो मध्ये आला नव्हता. तो तिथे होताच, मला दिसला नव्हता.

त्यानंतर मी रोज सकाळी एक गोष्ट करू लागलो. आमच्या स्वयंपाकघराच्या खिडकीतून समोरची इमारत दिसते, तिच्या भिंतीवर ब्लॉकचा तीन आकडी नंबर माणसाच्या उंचीएवढा रंगवलेला आहे. उजवा डोळा तळहाताने झाकून मी मधल्या आकड्याकडे बघायचो. मधला दिसायचा, शेवटचा दिसायचा, पहिल्याच्या जागी नुसती भिंत. काळोख नाही, डाग नाही, भिंतच. म्हणजे डोळा माझ्याशी खोटं बोलत होता. बायको आली की मी डोळा चोळत असल्यासारखं करायचो. ती म्हणायची, काय रोज उठून त्या भिंतीकडे बघताय, शेजारीण सुंदर आहे का. मी हसायचो, आणि चहा ओतायला वळायचो.

रेषापंचांना दरवर्षी डोळ्यांचा दाखला द्यावा लागे. तो मी खोटा दिला नाही. चष्म्याच्या दुकानात तक्ता वाचायचा असतो, तो मी शेवटच्या ओळीपर्यंत वाचला. काचबिंदूवाल्याला तक्ता बरेच दिवस वाचता येतो. दुकानातल्या मुलीने विचारलं की डोळ्यावर हवेची फुंकर मारून दाबही बघू का, मिनिटभराचं काम आहे. मी म्हणालो, गाडी चुकेल. तीन-तीन मिनिटांनी सुटणारी एमआरटी, इथली मेट्रो, कधी कुणाची चुकली आहे का?

उघड्या कोर्टावर, उन्हात, माझं भागत होतं. बंदिस्त स्टेडियममध्ये पहिल्याच दिवशी कळलं की इथे भागणार नाही. कोर्टावर झगझगीत दिवे, आणि प्रेक्षकांच्या जागी अंधार. त्या अंधारातून येणारा चेंडू मला मध्येच नाहीसा व्हायचा आणि पुन्हा उगवायचा. कोर्टाच्या टोकाला, नेटकडे तोंड करून, उजव्या हाताच्या रेषेवर उभं राहिलं की कोर्ट आपल्या डावीकडे येतं, म्हणजे सगळे चेंडू डावीकडून. डाव्या हाताच्या रेषेवर उभं राहिलं तर सगळे उजवीकडून. पहिले तीन दिवस नशिबाने मला डावी रेषा आणि मधली रेषा मिळाली. चौथ्या दिवशी, उपांत्य सामन्याला, पत्रकावर माझं नाव उजव्या रेषेपुढे होतं. त्याच टोकाला डाव्या रेषेपुढे त्याचं.

ते पत्रक आमच्या खोलीच्या भिंतीवर लावलेलं असे. ते लिहायच्या आमच्या प्रमुख, एक चिनी वंशाच्या बाई, शांत आणि कडक. कोण कुठल्या रेषेवर हे त्या ठरवत. अदलाबदल करायची असेल तर त्यांना विचारायचं, मग त्या पेन्सिलीने बाण काढत. सामन्यानंतर खुर्चीवरचा पंच रेषांना गुण द्यायचा, माणसांना नव्हे, कारण तो परदेशी असायचा आणि आमची नावं त्याला माहीत नसायची. गुण कुणाचे ते पत्रकावरून ठरायचं.

दुपारचा सामना होता. कोर्टावर जायच्या बोळात आम्ही ओळीने उभे होतो. मी त्याला म्हणालो की उजव्या कोपऱ्यात एसीचा झोत थेट मानेवर येतो, मान धरली आहे, तू तिकडे जातोस का.

“काका, स्वेटर आणायचा होता,” तो म्हणाला. “काकूंनी विणलेला. पंचांमध्ये तुम्हीच उठून दिसला असता.”

मग तो म्हणाला की थांबा, बाईंना सांगून येतो, बाण काढतील. मी त्याचा कोट धरला. मी म्हणालो, कशाला, एका तासाचा तर प्रश्न आहे. आता दार उघडलंच. मला बाईंनी माझ्याकडे निरखून बघायला नको होतं. माझ्या आवाजाला मान देऊन तो थांबला. काका म्हणायचं आणि ऐकायचं नाही, असं त्याला जमत नसे.

तासाच्या शेवटी शेवटी ते झालं. तिसरा आणि शेवटचा सेट, टायब्रेक. पलीकडचा खेळाडू फटक्याच्या मागे धावत धावत कोर्टाच्या पार बाहेर गेला, माझ्या डाव्या हाताला, जवळजवळ प्रेक्षकांपर्यंत. तिथून त्याने चेंडू नेटच्या खांबाच्या बाहेरून मारला. असा चेंडू महिन्यातून एखादा दिसतो. तो रेषेच्या बाहेरून येतो आणि वळून आत पडतो. मी ज्या बाजूपासून पळून डाव्या रेषेवर आलो होतो, त्याच बाजूने तो आला.

खांबाबाहेर तो मला दिसला. मग दिसला नाही. मग माझ्या मागच्या पडद्यावर आपटल्याचा आवाज आला.

मधल्या क्षणाचं मला काहीही माहीत नव्हतं. हात वर न्यायचे होते, डोळ्यांखाली. इतकं सोपं. पण हात वर गेले तर बाई विचारतील की मध्ये कुणी नव्हतं, मग दिसलं कसं नाही. मग कुणीतरी म्हणेल, डोळे तपासून घ्या. मग ती हवेची फुंकर, आणि मग डॉक्टर मान वर करून तो शब्द उच्चारणार. हे सगळं मला त्या अर्ध्या क्षणात दिसलं, चेंडू सोडून सगळं दिसलं. आणि माझ्या तोंडातून आवाज आला, “आउट.” खणखणीत. मी शेवटचा त्याला रेषेबाहेर पाहिला होता, त्यामुळे आउट.

प्रेक्षकांतून एक लांब हुंकार उठला. खेळाडू रॅकेट खाली ठेवून चालत नेटपर्यंत आला, मग माझ्या समोर. त्याने शिवी दिली नाही. घाम पुसत, अगदी हळू त्याने विचारलं, “यू सॉ इट?”

खुर्चीवरच्या पंचाने वरून माझ्याकडे पाहिलं. त्याला शंका होती, पण चूक स्पष्ट दिसल्याशिवाय तो आमचा निर्णय फिरवत नसे. त्याने खुणेनेच विचारलं, नक्की? मी मान हलवली. नक्की.

तो खेळाडू त्यानंतर दोन पॉइंटांत हरला. त्याचं मला वाईट वाटलं, पण खरं सांगायचं तर त्या रात्रीपासून आजवर मला त्याचा चेहरा फारसा आठवलेला नाही. दुसराच एक चेहरा आठवतो.

आमच्या खोलीत टीव्ही होता. आम्ही आत आलो तेव्हा तो फटका संथ गतीने दाखवत होते. चेंडू रेषेच्या आत पडला होता, चांगला चार बोटं आत. पडद्यावर रेषेमागे निळ्या कोटातली एक पाठ आणि टोपी दिसत होती. बाईंनी भिंतीवरच्या पत्रकाकडे पाहिलं आणि त्याला आपल्या खोलीत बोलावलं.

पाचेक मिनिटांनी तो बाहेर आला. मला घेऊन तो जिन्यापाशी गेला. नोंद त्याच्या नावावर लागली होती. साधी चूक नव्हे, विचारल्यावरही चूक रेटली म्हणून शेरा होता. वर्गासाठी जायचं नाव दुसऱ्या दिवशी सकाळी दहाला कळवायचं होतं, आणि बाई म्हणाल्या होत्या की आता त्यांना विचार करावा लागेल.

“तू काय सांगितलंस?” मी विचारलं.

“काहीच नाही. मी तिथे नव्हतो म्हटलं तर तुमचं नाव घ्यावं लागतं.” तो जिन्याच्या कठड्याकडे बघत होता. “काका, ते तुम्हीच सांगा. मी सांगितलं तर चुगली होईल, तुम्ही सांगितलंत तर खुलासा. अदलाबदलीबद्दल बोलणी बसतील, ती दोघं खाऊ. दहाच्या आत सांगाल ना?”

मी म्हणालो, सांगेन. त्याच्या खांद्यावर हात ठेवला. त्याने विश्वास ठेवला.

सकाळी नऊलाच मी स्टेडियमवर पोचलो. हे मुद्दाम लिहितो, कारण मी गेलो नाही असं नाही. प्रमुखबाईंच्या खोलीला काचेचं दार होतं. त्या एकट्याच होत्या, समोर कॉफी. मी दार ढकललं. त्यांनी वर पाहिलं. माझ्याकडे, माझ्या डोळ्यांकडे, असं मला वाटलं.

“येस, अंकल?”

 मला वडिलांचा आमटीतला हात दिसला. मी म्हणालो की माझी टोपी हरवली आहे, दुसरी मिळेल का. माझी टोपी माझ्या पिशवीत होती.

त्यांनी कपाटातून नवी टोपी काढून दिली. मी वळणार तेवढ्यात त्या आपणहून म्हणाल्या की तुमचा मित्र चांगला आहे, पण काल दडपणाखाली खचला, खुर्चीवर ते चालत नाही, तुम्ही मोठे आहात, त्याला समजवा. मी मान हलवली. आदल्या दिवशी कोर्टावर हलवली होती तशीच.

बाहेर तो उभा होता.

“सांगितलंत?”

“सांगितलं,” मी म्हणालो. “त्या ऐकायला तयार नाहीत. नोंद झाली ती झाली म्हणतात.”

हे वाक्य मी आधी ठरवलेलं नव्हतं. ते ‘आउट’सारखंच आलं, आपोआप आणि खणखणीत. त्याने पिशवी खांद्यावर घेतली. मग मलाच म्हणाला, “जाऊ दे काका. तुम्ही प्रयत्न केलात.”

दहाला नाव गेलं ते दुसऱ्याचं.

भीती म्हणजे काय हे मला तोवर कळलं आहे असं वाटत होतं. नाही. डोळ्याची भीती एकटीच होती, आता तिला जोडीदार मिळाला. तो आणि बाई कुठे एकत्र दिसले की मी हातातलं काम टाकायचो. एक शब्द पुरेसा होता. त्याने कधीतरी म्हणायचं की काकांनी तुम्हाला सांगितलं होतं ना, आणि त्यांनी विचारायचं, काय. पुढच्या प्रत्येक स्पर्धेत मी त्या दोघांच्या मध्ये कुठेतरी असायचो, काही ना काही विचारत, बोलणं तोडत. लोकांना वाटायचं म्हातारा बोलका झाला आहे.

त्या दिवाळीला जुरोंग ईस्टला एका ओळखीच्यांच्या कॉन्डोतल्या फ्लॅटवर आम्ही मराठी मंडळी जमलो होतो. पत्ते चालले होते. तो फटका सगळ्यांनी फोनवर पाहिलेला होता, आणि नोंद कुणाच्या नावावर आहे तेही पसरलं होतं. पानं वाटायची वेळ आली तेव्हा कुणीतरी म्हणालं, याच्याकडे देऊ नका, याला किल्वर आणि इस्पिक सारखंच दिसतं. दुसरा म्हणाला, अहो, त्याला चौकटची राणी दिसते, ती बरोबर दिसते. हशा झाला. तो स्वतः सगळ्यांत मोठ्याने हसला. त्याची सहा वर्षांची मुलगी सोफ्यावरून इथल्या मुलांच्या इंग्रजीत ओरडली, “पप्पा कान्ट सी, लाह!” आणि पुन्हा हशा. मीही हसलो. हसताना माझ्या हातातली करंजी कुस्करली गेली आणि सारण पँटवर सांडलं.

त्याची बायको हसली नव्हती. ती हात पुसायला नॅपकिन घेऊन माझ्याजवळ आली. तिला घरी खरं कळलेलं होतं, म्हणजे त्याला माहीत होतं तेवढं. हळूच म्हणाली, “काका, त्या बाई तुम्हाला नेमकं काय म्हणाल्या हो?”

मी म्हणालो, तेच, नोंद झाली ती झाली.

“इंग्लिशमध्ये काय म्हणाल्या? नेमके शब्द?”

मी चार इंग्रजी शब्द जुळवून सांगितले. ती नॅपकिन माझ्या हातात देऊन गेली. तिला कळलं होतं की नाही हे मला आजही माहीत नाही. त्यानंतर मी त्यांच्या घरी जायचं बंद केलं. बुकित पंजांग लांब पडतं, एलआरटीच्या छोट्या गाडीत मळमळतं, अशी कारणं सांगायचो.

दीड वर्षाने त्याने पंचगिरी सोडली. एकदाही पुन्हा त्याचं नाव वर गेलं नाही. कोट परत केल्याचं त्याने फोनवर सांगितलं, तेव्हा मला पहिल्यांदा काय वाटलं असेल? सुटलो, असं वाटलं. आता तो आणि बाई भेटणार नाहीत. त्या रात्री मला गाढ झोप लागली. हे लिहिताना हात थांबला होता, पण खरं लिहायचं तर हेही आलं पाहिजे.

मीही नंतर सोडली. मग एका सकाळी भिंतीवरचा मधला आकडाही गेला, आणि मी बायकोला सांगितलं. डॉक्टर तरुण होती. तिने तपासून विचारलं की घरात कुणाला होतं का. मी वडिलांचं सांगितलं. तिने विचारलं, मग इतकी वर्षं काय करत होतात? मी म्हणालो, टेनिस. तो शब्द तिने उच्चारला तेव्हा माझ्या कल्पनेतलं काहीच झालं नाही. खोली तशीच राहिली. तिने थेंबांची बाटली लिहून दिली आणि रोज कधी घालायचे ते समजावलं. यासाठी मी एका माणसाचं आयुष्य वळवलं होतं.

गेल्या वर्षी तो पुण्याला कायमचा परत गेला. जायच्या आदल्या आठवड्यात त्याचा फोन आला, भेटू या म्हणाला. जुरोंग ईस्टला एका फूड कोर्टात आम्ही दुपारचं जेवलो. मी घरून वाक्य पाठ करून गेलो होतो, लिहून खिशातही ठेवलं होतं. तो मुलीच्या शाळेबद्दल, आईच्या गुडघ्यांबद्दल बोलत राहिला. मी प्रत्येक घासानंतर ठरवत होतो की आता. ट्रे ठेवायला तो उठला तेव्हा माझाही घेऊन गेला.

स्टेशनात शिरताना तो न बोलता माझ्या डाव्या बाजूला आला आणि त्याने माझा दंड धरला. गर्दीतून, सरकत्या जिन्यावर, त्याने मला असं नेलं की कुणाचा धक्का लागला नाही. मला त्याने विचारलं नव्हतं कुठली बाजू. माझ्या बायकोने त्याला सांगितलं असणार.

प्लॅटफॉर्मवर तो म्हणाला, “काका, तेव्हापासूनच होतं ना? एसीचा झोत वगैरे काही नव्हता.”

मी हो म्हणालो.

“मला कळायला हवं होतं. मी रोज तुमच्या शेजारी उभा असायचो आणि मला कळलं नाही.” त्याने माझा दंड सोडला नव्हता. “उलट मी मनातून तुमच्यावर चिडून होतो. बरीच वर्षं. तशा डोळ्यांनी, तशा अवस्थेत तुम्ही बाईंकडे गेलात, सगळं सांगितलंत, आणि मी चिडून होतो. माफ करा मला.”

खिशातला कागद बोटांना लागत होता. त्यावर तीनच ओळी होत्या. मी बाईंकडे गेलो, पण सांगितलं नाही. मी टोपी मागून परत आलो आणि तुझ्याशी खोटं बोललो. मला माफ कर.

त्याची गाडी आली. दारं उघडली, माणसं उतरली, तो आत जाऊन वळून उभा राहिला. दारं मिटायच्या आधीचा तो पोंगा वाजायला लागला.

मी म्हणालो, “पोचलास की फोन कर.”